दिवसा जळणारे दिवे : जुन्या पिकअपवरून कसे सोडवावेत आणि कोणते सोडवू नयेत



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर, ट्रॉली आणि टायरगाड्यांची डागडुजी सुरू होते. घरची जुनी पिकअपही त्याच वेळी गॅरेजला लागते. टोळीचा किराणा पोचवायचा, डिझेलचे कॅन आणायचे, वाढे वाहायचे, खताची पोती शेतावर टाकायची, ही सारी कामे तिच्यावरच असतात. अशा गाडीबद्दल एक प्रश्न नेहमी विचारला जातो : "पुढचे दिवे दिवसाढवळ्या चालूच राहतात. ते बंद कसे करायचे?"

प्रश्न छोटा दिसतो, आणि पुष्कळ ठिकाणी त्याचे उत्तर पक्कड घेऊन दोन मिनिटांत दिले जाते. वायर कापली, टेप गुंडाळली, झाले काम! पण कापलेली वायर कोणती होती, तिच्यावर आणखी काय जोडले होते आणि तिचे दुसरे टोक अजून जिवंत आहे काय, हे कोणी पाहत नाही. परिणाम मग डिसेंबरच्या धुक्यात दिसतो. पुढचे दिवे झकास लागलेले असतात आणि मागचा लाल दिवा विझलेला असतो. मागून येणाऱ्याला गाडी दिसते ती अगदी बोनेटजवळ आल्यावर. म्हणून हा विषय या अंकात मुळापासून घेण्याचे आम्ही ठरविले.

१) हे दिवे आले कोठून?

दिवसा दिवे लावून गाडी चालवण्याची कल्पना उत्तर युरोपातली. तिकडे हिवाळ्यात दिवस लहान असतो, सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो आणि दुपारीही संध्याकाळ असल्यासारखे वाटते. फिनलंडने १९७२ साली हिवाळ्यात ग्रामीण रस्त्यांवर असे दिवे सक्तीचे केले. स्वीडनने १ ऑक्टोबर १९७७ पासून वर्षभरासाठी सक्ती केली. पुढे कॅनडाने डिसेंबर १९८९ पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांना हे दिवे बंधनकारक केले. युरोपीय संघात फेब्रुवारी २०११ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांना ते लागू झाले.

अमेरिकेत अशी सक्ती नव्हती. तरी जनरल मोटर्स कंपनीने १९९५ च्या मॉडेलांपासून आपल्या गाड्यांत हे दिवे बसवायला सुरुवात केली. त्यांत शेतकरी वापरतात त्या मोठ्या शेवरोले पिकअपही पुढे आल्या. या गाड्या जुन्या झाल्यावर तिकडच्या मालकांनाही आपल्यासारखाच प्रश्न पडला. बल्ब लवकर जातात, शिकारीला किंवा रात्री गोठ्याकडे जाताना दिवे विझवता येत नाहीत, मग ते बंद कसे करायचे? त्यांचा साधा उपाय म्हणजे त्या दिव्यांचा स्वतंत्र रिले किंवा फ्यूज शोधून उपटून ठेवणे. वायर कापायची नाही. परत हवे झाले तर रिले जागेवर दाबला की काम भागते. ही रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण आपणही पुढे तीच वापरणार आहोत.

आपल्याकडे काय? चारचाकी गाडीला दिवसाचे दिवे असलेच पाहिजेत, अशी सक्ती नाही. मात्र १ एप्रिल २०१७ पासून तयार होणाऱ्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू होताच आपोआप लागला पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे पिकअपचा प्रश्न वेगळा आणि मोटारसायकलचा वेगळा. या दोहोंची गल्लत करू नये.

२) या दिव्याचे काम काय?

रात्रीचा दिवा आपल्याला रस्ता दिसावा म्हणून असतो. दिवसाचा दिवा आपण दुसऱ्याला दिसावे म्हणून असतो. हा फरक एकदा समजला की बाकीचे सोपे जाते.

दिसण्यापुरता उजेड थोडा असला तरी चालतो. वर सांगितलेल्या जुन्या अमेरिकन पिकअपपैकी काहींमध्ये दोन्ही बाजूंचे अप्पर बल्ब दिवसा एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले जात. बारा व्होल्ट दोघांत वाटले जाऊन प्रत्येकाला सहा व्होल्ट मिळत. व्होल्ट निम्मे झाले म्हणजे उजेड निम्मा होतो असे नाही. साध्या तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेज घटले की फार झपाट्याने घटतो, आणि निम्म्या व्होल्टला तो साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. समोरच्याचे डोळे न दिपवता गाडी दिसायला तेवढा पुरतो.

आता यातला धोका पाहा. दिवसाचा दिवा फक्त पुढे जळतो. मागचा लाल दिवा, नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डचा दिवा त्याच्याबरोबर लागतोच असे नाही. संध्याकाळी साडेसहाला चालकाला समोर उजेड पडलेला दिसतो आणि त्याला वाटते दिवे लागलेलेच आहेत. खटका तो दाबतच नाही. गाडी पुढून उजळलेली आणि मागून काळीकुट्ट अशी धावत राहते. दिवसाच्या दिव्यांबद्दल जगभर जी मोठी तक्रार आहे ती हीच. आपल्याकडे ऊसवाहतुकीच्या रस्त्यावर ती अधिक गंभीर होते, कारण त्याच रस्त्यावर बैलगाड्या, टायरगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर संथ चाललेले असतात आणि मागून भरधाव वाहने येत असतात.

३) आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे?

बंद करायला निघण्यापूर्वी रोग ओळखावा. चार प्रकार आढळतात.

(अ) बाहेरून बसवलेली एलईडी पट्टी. आपल्याकडच्या जुन्या पिकअपवर बहुतेक वेळा हेच असते. गाडी कंपनीतून आली तेव्हा हे दिवे नव्हते. शोभेच्या सामानाच्या दुकानात बंपरवर किंवा जाळीवर पट्ट्या चिकटवल्या आणि वायर जवळच्या कुठल्यातरी जिवंत वायरीला गुंडाळली.

(आ) कंपनीने दिलेले दिवसाचे दिवे. नव्या मॉडेलांत हे असतात. त्यांचा ताबा गाडीच्या इलेक्ट्रॉनिक पेटीकडे असतो.

(इ) बिघाडामुळे चालू राहिलेला मुख्य दिवा. खटका बंद केला तरी दिवा जातच नाही. हा दिवसाचा दिवा नव्हे, हा दोष आहे. रिलेचे पॉइंट जळून चिकटले, किंवा खटक्याच्या आतले प्लॅस्टिक वितळले, की असे होते.

(ई) दुचाकीचा आपोआप लागणारा दिवा. हा नियमाप्रमाणे आहे.

ओळखण्याची रीत अशी. चावी पूर्ण काढा. दिवा तरीही जळत असेल तर एकतर पट्टी थेट बॅटरीवर आहे, किंवा मुख्य दिव्याचा रिले वा खटका चिकटला आहे. चावी लावताच दिवा लागत असेल तर पट्टी इग्निशनच्या वायरीवर आहे. पार्किंगचा खटका ओढल्यावरच लागत असेल तर ती पार्किंग लाइटवर जोडलेली आहे, म्हणजेच बहुधा मागच्या लाल दिव्याच्या फ्यूजवर. ही शेवटची जोडणी सर्वांत घातक. का, ते पुढे येते.

४) खर्च किती येतो?

पुष्कळांना वाटते की दिवसाच्या दिव्याने डिझेल जास्त जळते. हिशेब मांडून पाहू.

साधा हॅलोजन बल्ब डिपरवर ५५ वॅट घेतो. दोन बल्बचे ११० वॅट झाले. बारा व्होल्टने भागले की प्रवाह सुमारे ९ अँपिअर येतो. अल्टरनेटर ही वीज फुकट देत नाही, ती इंजिनाकडून घेतो आणि त्यात बरीच ताकद वाया जाते. ११० वॅटसाठी इंजिनावर साधारण २०० वॅटचा भार धरावा. डिझेल इंजिनाला एक किलोवॅट ताकद तासभर द्यायला ३०० मिलिलिटरच्या आसपास डिझेल लागते. त्या मानाने मुख्य दिव्यांचा खर्च तासाला सुमारे ६० मिलिलिटर येतो. दिवसात आठ तास गाडी चालली तर अर्ध्या लिटरच्या जवळपास.

एलईडी पट्टीची जोडी १२ वॅटची धरली तर हाच खर्च नवव्या हिश्श्यावर येतो, म्हणजे आठ तासांना ५०-५५ मिलिलिटर. चहाच्या कपाएवढादेखील नाही! तेव्हा डिझेल वाचवायचे म्हणून एलईडी पट्टी काढण्यात अर्थ नाही.

खरा तोटा बॅटरीचा आहे. १२ वॅटची पट्टी एक अँपिअर घेते. ती थेट बॅटरीवर असेल आणि शनिवारी संध्याकाळी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी काढली, तर ३६ तासांत ३६ अँपिअर-तास खर्च झाले. ७० अँपिअर-तासाच्या बॅटरीतली ही निम्मी शिदोरी. थंडीच्या दिवसांत डिझेल इंजिनाचा स्टार्टर फिरवायला मोठा प्रवाह लागतो, तो मग मिळत नाही. आपण बॅटरीला दोष देतो आणि नवी घेऊन येतो. महिन्याभरात तीही बसते.

दुसरा आणि मोठा तोटा आगीचा. बारीक वायर, मध्ये फ्यूज नाही, बोनेटच्या पत्र्याच्या धारेवरून नेलेली. हादऱ्यांनी तिचे वरचे कव्हर घासून जाते आणि तांबे पत्र्याला टेकते. फ्यूज नसल्याने प्रवाह अडवणारे कोणी नाही. वायर लालबुंद होते. मागे पाचट किंवा रिकामी पोती आणि पुढे डिझेलची नळी, अशा गाडीत हे काय करू शकते ते वेगळे सांगायला नको.

५) पट्टी सोडवण्याची रीत

साहित्य : दहा नंबरचा पाना, टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर, चांगली इन्सुलेशन टेप किंवा गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह, प्लॅस्टिकचे बंद.

पायरी पहिली : नोंद करा. काम सुरू करण्यापूर्वी गाडीचे सगळे दिवे एकदा लावून पाहा आणि वहीत लिहा. पार्किंग, डिपर, अप्पर, चारही इंडिकेटर, ब्रेक, मागचे दोन्ही लाल, नंबरप्लेट, रिव्हर्स, हॉर्न, डॅशबोर्ड. आधी काय चालू होते ते माहीत नसेल तर नंतर काय बंद पडले ते कळणार नाही.

पायरी दुसरी : वायरीचा माग काढा. पट्टीपासून सुरुवात करून बोट वायरीवरून मागे नेत जा. एक वायर जवळच्या बॉडीच्या बोल्टला गेलेली असेल, ती अर्थ. दुसरी जिथे जाऊन मिळते तो तिचा उगम. उगम सापडल्याशिवाय पक्कड हातात घेऊ नये.

पायरी तिसरी : बॅटरी सोडवा. आधी निगेटिव्ह टोक, मग गरज असेल तर पॉझिटिव्ह. हा क्रम उगाच नाही. निगेटिव्ह जोडलेले असताना पॉझिटिव्हचा नट सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर पूर्ण शॉर्ट होतो. निगेटिव्ह आधी काढलेले असेल तर पाना टेकला तरी काही होत नाही. जोडताना उलट, निगेटिव्ह सर्वांत शेवटी.

पायरी चौथी : वायर उगमापाशी सोडवा, दिव्यापाशी नव्हे. या पाठातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच. पट्टीजवळ वायर कापली की दिवा विझतो आणि आपण समाधानाने बोनेट लावतो. पण कापलेले टोक अजून जिवंत असते. पाऊस, चिखल आणि हादरे यांनी टेप सुटते, ते टोक पत्र्याला टेकते आणि वर सांगितलेला प्रकार घडतो. शेताचे पाणी बंद करायचे तर आपण दारे धरतो ते पाटाच्या तोंडाशी, सरीच्या शेवटाला नव्हे. वायरीचेही तसेच.

पायरी पाचवी : मूळ वायरीची जखम भरा. पट्टी जोडताना मूळ वायर सोलली असेल, किंवा चिमट्यासारखा जोड लावून तिला भोक पाडले असेल, तर तो जोड काढून पाहा. तांबे हिरवे पडले असेल तर तेवढा भाग काढून नवा तुकडा घट्ट जोडावा आणि त्यावर स्लीव्ह चढवावी. नुसती पिळून टेप मारलेली जोडणी एका पावसाळ्यात सडते. मुख्य दिव्याच्या वायरीवर असा सडका जोड असेल तर बल्बला साडेबाराऐवजी अकराच व्होल्ट मिळतात आणि उजेड तिसऱ्या हिश्श्याने घटतो. "दिवे मंद पडलेत, मोठे बल्ब टाका" अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी जोड तपासावेत.

पायरी सहावी : अर्थचा बोल्ट नीट आवळा. पट्टीची अर्थ वायर बहुधा मुख्य दिव्याच्या अर्थच्या बोल्टखालीच दाबलेली असते. ती काढताना बोल्ट सैल राहिला की मुख्य दिवे मंद होतात. बोल्टखालचा गंज घासून काढावा, पत्रा चकाकला पाहिजे.

पायरी सातवी : राहिलेली वायर काढून टाका. "असू दे, पुढे कामाला येईल" म्हणून बोनेटखाली मोकळी वायर लोंबत ठेवू नये. ती पंख्यात किंवा सायलेन्सरवर जाते.

पट्टी मुळीच काढायची नसेल, फक्त नको तेव्हा विझवता यावी असे वाटत असेल, तर बॅटरीपासून स्वतंत्र वायर घ्यावी. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर ५ अँपिअरचा फ्यूज टाकावा, त्यापुढे रिले बसवावा आणि रिलेला इशारा इग्निशनच्या वायरीवरून मधल्या एका खटक्यातून द्यावा. म्हणजे चावी काढली की पट्टी आपोआप विझेल आणि मूळ वायरिंगवर भार पडणार नाही. साध्या रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारा प्रवाह, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारा, ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोके. एवढे माहीत असले तरी वायरमन काय करतो आहे ते आपल्याला समजते.

फ्यूज हा दिव्याला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. म्हणून तो बॅटरीजवळ असावा लागतो. पाकळीच्या फ्यूजचा रंग पाहूनही क्षमता ओळखता येते. फिकट बदामी ५ अँपिअरचा, लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून लालच्या जागी हिरवा टाकणे, किंवा सिगारेटच्या चांदीचा कागद गुंडाळणे, म्हणजे घरात चोर आला म्हणून कुत्र्याला बांधून ठेवण्यासारखे आहे.

६) मुख्य दिवाच विझत नसेल तर

फ्यूजच्या पेटीत मुख्य दिव्याचा रिले असेल तर तो उपटून पाहा. दिवा विझला आणि तिथे दुसरा त्याच नंबरचा रिले लावल्यावर खटक्याप्रमाणे वागू लागला, तर जुना रिले चिकटला होता असे समजावे. तो फेकून द्यावा. नवा रिले लावूनही दिवा चालूच राहिला तर दोष खटक्यात किंवा वायरीत आहे. काही जुन्या गाड्यांत रिलेच नसतो आणि दिव्याचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या खटक्यातून जातो. जास्त वॅटचे बल्ब टाकले की तो खटका आतून वितळतो. अशा वेळी नवा खटका टाकताना मुख्य दिव्यांना रिले बसवून घ्यावेत आणि बल्ब पूर्वीच्याच वॅटचे ठेवावेत.

कंपनीने दिलेले दिवसाचे दिवे असतील, म्हणजे (आ) प्रकार असेल, तर घरी वायर कापू नये. गाडीच्या पुस्तिकेत ते बंद करण्याची सोय दिली असेल तर ती वापरावी, नाहीतर कंपनीच्या वर्कशॉपला विचारावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करायला बंदी आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनी कागद तपासते तेव्हा अशा गोष्टी नडू शकतात.

७) सोडवल्यानंतरची तपासणी

पायरी पहिलीतली वही काढा आणि प्रत्येक दिवा पुन्हा पाहा. एकट्याने नव्हे, एकाने आत बसावे आणि एकाने मागे उभे राहावे. खालील तीन लक्षणांकडे विशेष लक्ष द्यावे.

डॅशबोर्डचा दिवा लागत नाही : पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डचा आणि मागच्या लाल दिव्याचा फ्यूज एकच असतो. डॅशबोर्ड अंधारा दिसला तर खाली उतरून मागचा दिवा पाहावाच. चालकाला सीटवर बसून मिळणारी ही सर्वांत चांगली सूचना आहे.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो : मागच्या दिव्याची अर्थ सुटली आहे. प्रवाहाला परतीचा रस्ता न मिळाल्याने तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो.

गाडी उभी असताना बॅटरी बसते : निगेटिव्ह टोक काढून त्याच्या आणि बॅटरीच्या मध्ये मल्टिमीटर लावावा आणि गळती मोजावी. मीटर मध्ये असताना स्टार्टर मारू नये. सगळे बंद असताना जुन्या साध्या गाडीत ही गळती ०.०५ अँपिअरच्या आत असावी. जास्त आली तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा खाली येईल त्या वायरीवर चोर आहे.

आता पार्किंग लाइटवर जोडलेल्या पट्टीचा धोका पाहू. पट्टी आणि मागचे लाल दिवे एकाच फ्यूजवर आहेत असे समजा. पट्टीत पाणी गेले, शॉर्ट झाला आणि फ्यूज उडाला. पट्टी विझली. चालक म्हणतो, "जाऊ दे, शोभेची होती." मुख्य दिव्याचा फ्यूज वेगळा असल्याने पुढे उजेड भरपूर आहे. पण त्या एका फ्यूजबरोबर मागचे दोन्ही लाल दिवेही गेले आहेत आणि त्याला पत्ता नाही. शोभेच्या दिव्याची वायर कधीही मागच्या दिव्याच्या वायरीला जोडू नये, यामागे एवढेच कारण आहे आणि ते पुरेसे आहे.

८) जे दिवे सोडवू नयेत

मोटारसायकलचा आपोआप लागणारा दिवा सोडवू नये. खटका बसवून तो बंद करून देणारे पुष्कळ आहेत. त्यामागची दोन कारणे सांगितली जातात आणि दोन्ही टिकत नाहीत. बॅटरी उतरते म्हणावे तर हा दिवा इंजिन चालू असतानाच लागतो. पेट्रोल वाचते म्हणावे तर बहुतेक मोटारसायकलींत मॅग्नेटो जेवढी वीज करायची तेवढी करतोच, आणि दिवा काढला की शिल्लक वीज रेग्युलेटर उष्णता करून घालवतो. खिशात काहीच पडत नाही.

उलट आपल्या भागात हा दिवा फार उपयोगी आहे. ऑक्टोबरनंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा ऊस उभा असतो. शिवाररस्त्यावरून मोटारसायकल डांबरीवर येते तेव्हा ती उसातून निघाल्यासारखी अचानक समोर दिसते. जळता दिवा पात्यांच्या फटीतून आधी चमकतो. समोरून येणाऱ्या माणसाने "दिवा चालू आहे" म्हणून हात उघडझाप करून खुणावले, तर त्याला हात दाखवावा आणि दिवा तसाच राहू द्यावा.

मागचे लाल दिवे तर कोणत्याही वाहनाचे सोडवू नयेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०५ प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, तसेच पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी, दिवे लावणे बंधनकारक आहे. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. धुक्याची सकाळ ही 'पुरेसा उजेड नसलेली वेळ'च होय. ट्रॉलीतून ऊस बाहेर लोंबून दिवा झाकला गेला तर तो दिवा नसल्यात जमा. मोळ्या रचताना मागची बाजू मोकळी राहील हे मुकादमाला बजावावे. दिव्याला जोड म्हणून रेडियमची पट्टी लावावी, मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. बैलगाडीला वायरिंग नसते, तिचे सगळे संरक्षण या पट्टीवरच आहे. पट्टीवरचा चिखल रोज पुसला पाहिजे, नाहीतर ती असून नसल्यासारखी.

९) सभासदांच्या काही शंका

शंका : पट्टीचा फ्यूज काढून ठेवला तर पुरे नाही का?
समाधान : फ्यूज त्या एकाच पट्टीचा असेल आणि बॅटरीजवळ असेल तर पुरे. तोच फ्यूज आणखी कशाचा असेल तर नाही. काढल्यावर दुसरे काय बंद पडले ते पाहावे.

शंका : पट्टी आहे तर संध्याकाळी मुख्य दिवे उशिरा लावले तर चालेल?
समाधान : मुळीच नाही. पट्टीमुळे मागचे दिवे लागत नाहीत. उलट पट्टी असलेल्या गाडीत खटका आठवणीने लवकर दाबावा.

शंका : दिवसा धुके असेल तर अप्पर लावावा का?
समाधान : डिपर लावावा. अप्परचा उजेड धुक्यावर आदळून आपल्याच डोळ्यांत येतो.

१०) उजळणी

थोडक्यात पुन्हा सांगतो. आधी प्रकार ओळखा. आधीची नोंद ठेवा. बॅटरीचे निगेटिव्ह टोक पहिले काढा. वायर उगमापाशी सोडवा. मूळ वायरीचा जोड दुरुस्त करा. शेवटी मागे जाऊन लाल दिवा डोळ्यांनी पाहा.

हंगाम सुरू होण्यापूर्वीचा एक रविवार एवढ्यासाठी ठेवावा. घरातल्या शिकत्या मुलाला हाताशी घ्यावे, वही त्याच्याकडे द्यावी. टेस्ट लॅम्पला फारसा खर्च नाही आणि तो आयुष्यभर पुरतो. आणि हंगामात रोज संध्याकाळी गाडी काढण्यापूर्वी एक फेरी मागून मारावी. काट्यावर गाडी लावताना आपण वजनाच्या पावतीवरचा आकडा दोनदा पाहतो. मागचा दिवा निदान एकदा तरी पाहावा, कारण त्याच्यामागे आपला माणूस घरी परत येतो.